दम धरायचा नाही

“दम धर, माय. दम धरनारीचं कधी वाईट होत नाई.”

कस्तुराबाईंची आई चुलीपुढं बसून हे सांगायची. आंदण म्हणून तिच्याजवळ द्यायला फार काही नव्हतं, तेव्हा हे एवढं वाक्य तिनं लेकीला अख्ख्या संसारासाठी बांधून दिलं. भाकर फुगत नसली, दम धर. सासू टाकून बोलली, दम धर. नवरा पारावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला आणि बैल दारात ताटकळले, तरी दम धर. कस्तुराबाईंनी तो इतका इमानानं धरला की इंझोरी गावात त्यांचा आवाज देवळाबाहेर कोणी फारसा ऐकलेलाच नव्हता. सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष, त्यात कार्तिकातलं पहाटेचं स्नान आणि काकडा. एवढ्या नेमांत बोलायला सवड मिळते कुठं? घरातल्या बाकीच्यांना मात्र देवानं नेम कमी आणि सवड भरपूर दिली होती.

त्या सवडीतूनच या घरानं यंदा दिवाळीनंतर समुद्राच्या तळाशी जायचं ठरवलं.

झालं असं, की कस्तुराबाईंचा मुलगा हरीओम मानोऱ्यातल्या आपल्या कृषी केंद्रात बसला होता. तिथं त्याला मोबाइलवर एका जुन्या मित्राचा फोटो दिसला. मित्र मालवणच्या समुद्रात, खाली, माशांच्या मध्ये, तोंडात नळी घालून अंगठा दाखवत होता. हरभऱ्याचं बियाणं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं तरी हरीओम त्या अंगठ्याकडे पाहतच राहिला. हा माणूस शाळेत त्याच्या मागच्या बाकावर बसायचा. तो समुद्रात आणि आपण काउंटरमागं? हा अन्याय सहन करण्यासारखा नव्हता. संध्याकाळपर्यंत फोन झाला, आगाऊ पैसे गेले, आणि रात्रीच्या जेवणाला घरच्यांना कळलं की आपल्याला स्कूबा करण्याची पहिल्यापासूनच फार हौस होती.

मालवणचं स्कूबाचं केंद्र चालवणाऱ्या दीपलक्ष्मी मॅडमनी फोनवर एकच गोष्ट बजावून विचारली होती. “मुलगी आहे ना बरोबर? दहा वर्षं पूर्ण पाहिजेत.”

“दहावं चालू हाय मॅडम,” हरीओम म्हणाला.

यात तो खोटं काहीच बोलला नाही. योगिनीला चैत्रात नऊ पुरी झाली होती आणि दहावं लागलं होतं. आपल्याकडे वय असंच सांगतात. तिकडे समुद्राच्या वाऱ्यात मॅडमना फक्त ‘दहा’ ऐकू गेलं. आणि या घराला योगिनीच्या वयाचा हिशेब सोयीप्रमाणे करायची सवय होतीच. एसटीत ही मुलगी पहिलीची परीक्षा होईपर्यंत चार वर्षांची होती. कंडक्टर जवळ आला की तिला मांडीवर घेऊन तिचे लांबुळके पाय पदराखाली दुमडले जात. कामरगावला जाताना जी पोरगी वाढायलाच तयार नसायची, ती समुद्राचं नाव निघताच एका फोनमध्ये दहाची झाली.

आता तयारी. तयारीचा भार मारोतरावांनी, म्हणजे योगिनीच्या आबांनी, आपण होऊन उचलला. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, पण त्याच्याबद्दल त्यांचं मत तयार होतं.

“आपल्या इहिरीहून जास्त कायचा खोल असते तो? पसारा मोठा हाय, एवढंच.”

तरुणपणी मारोतराव विहिरीच्या तळाशी पडलेली बादली एका दमात वर आणायचे. ही बादली गेल्या कितीतरी वर्षांत दर लग्नात, दर तेरवीत पुन्हा पुन्हा वर आलेली होती, आणि दर खेपेला विहीर थोडी आणखी खोल झालेली होती. तेव्हा मळ्यातल्या विहिरीवर योगिनीचा सराव सुरू झाला. कमरेला दोर, पाठीला तेलाचा रिकामा डबा, आणि काठावर आबा. पोरीनं किती वेळ दम कोंडला हे मोजायला त्यांनी घड्याळ वापरलं नाही. त्यांनी कस्तुराबाईंची जपमाळ मागून घेतली आणि ते मणी ओढू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातात माळ दिसली म्हणून शेजारच्या गोमतीबाईंनी रस्त्यावरून नमस्कारसुद्धा केला.

“दम धर, योगिने! अजून चार मनी! दम धर!”

पोरगी खरोखरच चिवट. एके दिवशी तिचा डबा सुटला, दोर आबांच्या हातातून सटकला, ती गटांगळी खाऊन खाली गेली, आणि हरीओमनं उडी टाकून तिला वर आणलं. पायरीवर बसवलं तरी तिचे गाल फुगलेले, डोळे बटाट्याएवढे आणि तोंड गच्च मिटलेलं. भोवताली मळाभर हवा होती, पण ती घ्यायची असते हे पोरगी विसरली होती. कस्तुराबाईंनी पाठीत थापटी मारली तेव्हा कुठं तिनं श्वास घेतला.

“याले म्हनतात दम!” मारोतरावांनी टाळी वाजवली. “पान्याभायेर आली तरी सोडला नाई! नात कोनाची हाय?”

सगळे हसले. कस्तुराबाईही हसल्या, पण त्यांचा हात पोरीच्या पाठीवरून निघेना. काहीतरी बरोबर नव्हतं. काय, ते त्यांना सांगता आलं नाही, आणि सांगता येत नाही ते त्या बोलत नसत. सांगता येतं तेही नसत, पण ते सोडा.

यंदा कोजागिरीला कार्तिकस्नान सुरू झालं तेव्हा त्यांनी एक नवा नेम धरला होता, महिनाभर खोटं बोलायचं नाही. घरच्यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. मुळात न बोलणाऱ्या बाईला हा नेम फुकटातच पडतो, असं सगळ्यांचं मत पडलं.

इकडे गावात हरीओमचा भाव वधारला होता. मॅडमनी पाठवलेल्या सूचना त्याची बायको वैजयंती रोज एकदा वाचायची. त्यात लिहिलं होतं की पाण्याखाली जाऊन आल्यावर लगेच विमानात बसायचं नाही, निदान एक दिवस जाऊ द्यायचा. हे तिनं वाचून दाखवलं मात्र, हरीओम पारावर गेला.

“विमानच करनार होतो बाप्पा,” तो सांगू लागला, “पन स्कूबावाल्यायले विमान चालत नाई. तब्येतीले घातक असते. मंग म्हटलं, जाऊ द्या, मुर्तिजापुरातून रेल्वेच बरी.”

दिवाळी तोंडावर आली. घरात करंज्या तळायला घेतल्या होत्या त्या संध्याकाळी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. निघण्यापूर्वी त्या प्रत्येक कुटुंबाशी असं बोलत. ओसरीत पाण्याच्या पितळी गुंडाला फोन टेकवून ठेवला गेला. समोर हरीओम इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारी मारोतराव टोपी घालून, मध्ये योगिनी. वैजयंती कागद घेऊन बसली. गोमतीबाई विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात घेऊन खांबाला टेकल्या. कस्तुराबाई आत कढईपाशी होत्या, पण दार उघडं होतं.

“पाण्यात कोण कोण उतरणार?” मॅडमनी विचारलं.

“सगळेच,” हरीओम म्हणाला. “माय सोडून. तिचे उपास असतात.”

“कोणाला सर्दी, दमा, कानाचं काही? सर्दी असेल त्या दिवशी उतरायचं नाही. आणि खाली कान दुखला तर पुढं जायचं नाही, तिथंच खूण करायची.”

“कानाची फिकरच नोका करू,” मारोतराव म्हणाले. “लसनाचं तेल कोमट करून सोडून घेऊ सगळ्यायच्या कानात.”

“अहो आबा, कानात काही म्हणजे काही घालायचं नाही! नाक दाबून हवा हळू कानाकडे ढकलायची, ते आम्ही शिकवतो. बीपी आहे कोणाला?”

“मले हाय. पन मी त्याले मानत नाई.”

“तो तुम्हाला मानतो ना? डॉक्टरांची चिठ्ठी आणा. नाहीतर तुम्ही होडीत बसून आमच्या नावाड्याला गोष्टी सांगा.”

वैजयंतीनं कागदात तोंड लपवलं. मारोतरावांनी घसा साफ केला.

“बरं, खर्रा चालते काय?”

“पाण्याखाली तोंडात नळी असते आबा.”

“एका गालात नयी, एका गालात खर्रा.”

समुद्रात मॅडमनी बऱ्याच गोष्टी पाहिल्या होत्या, पण हे त्यांनाही नवं असावं. “नाही,” त्या म्हणाल्या. “आणि आदल्या रात्री कोणी दारू घ्यायची नाही.”

“आमच्या घरी कोनी घेतच नाई,” हरीओम आढ्याकडे पाहत म्हणाला. आतमध्ये कस्तुराबाईंनी झारा जरा जोरात आपटला.

“एका मुलामागं आमचा एक माणूस. तो तिचा हात सोडणार नाही. वर येताना हळूहळू यायचं, घाई नाही. आणि कोणाला ऐन वेळी नको वाटलं, मुलीलासुद्धा, तर नको. पैसे भरले, फोटो राहिला, गावात सांगून आलो, असलं कारण मी ऐकत नाही. समजलं?”

“समजलं!” हरीओमनं मोबाइलला अंगठा दाखवला. त्या अंगठ्याची तो आरशासमोर तालीम करत होता.

“हां. आता तुम्ही वर आलात.”

“कुठी?”

“पाण्याच्या वर. अंगठा म्हणजे ‘मला वर न्या’. तुम्ही खाली गेल्या गेल्या अंगठा दाखवलात तर आमचा माणूस तुम्हाला तसाच घेऊन येणार. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचं.”

“अन् फोटोत?”

“फोटोतही गोल.”

हरीओमचा चेहरा उतरला. इतका खर्च, इतका प्रवास, आणि तळाशी जाऊन आमटी झकास झाल्याची खूण करायची! ज्या अंगठ्यासाठी हे सगळं मांडलं होतं तोच रद्द झाला. “मंग त्या मित्राचा फोटो?” तो पुटपुटला. “वर यायच्या वक्ताचा असन,” वैजयंती म्हणाली. “भेला असन बिचारा.” यानं त्याला पुष्कळ बरं वाटलं.

“आता योगिनी,” मॅडमचा आवाज मऊ झाला. “बाळा, पाण्याखाली भीती वाटली तर काय करशील?”

योगिनी उभी राहिली. पंधरा ऑगस्टच्या भाषणाला उभी राहायची तशी, हात शिवणीला लावून.

“दम धरायचा!”

मारोतरावांनी टाळी वाजवली. गोमतीबाईंनी वाटी सांभाळत वाजवली. फोनमधून टाळी आली नाही.

“कोणी शिकवलं तुला?”

“आजीनं. आबानं. सगळ्यायनं.”

“नीट ऐका सगळे,” मॅडम म्हणाल्या. “विहिरीत बुडी मारताना दम कोंडतात, ते वेगळं. इथं ती खाली जाऊन नळीतून हवा घेणार. खालची हवा दाबलेली असते. वर येऊ लागलं की ती छातीत फुगते. श्वास चालू असेल तर निघून जाते. तोंड मिटून दम धरला तर जाणार कुठं? छातीलाच इजा. थोड्या खोलीवरूनही होते. आमचा पहिला नियम हाच आहे. काही झालं तरी श्वास थांबवायचा नाही. घेत राहायचं, सोडत राहायचं.”

आत कस्तुराबाईंच्या कढईत एक करंजी टम्म फुगली. तिची मुरड घट्ट होती, वाफेला वाट नव्हती. ती वर येता येता फाटली आणि सारण तेलभर झालं. कस्तुराबाई त्या करंजीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांना विहिरीची पायरी दिसली, आणि तिच्यावर बसलेली, फुगल्या गालांची, गच्च मिटल्या तोंडाची पोरगी.

ओसरीत एव्हाना निकाल लागलाही होता.

“मायनंच सवय लावली तिले,” हरीओम म्हणत होता. “येता जाता दम धर, दम धर.”

“मी तं कधीपासून सांगून राह्यलो, पोरायले असं शिकवू नाई,” मारोतराव म्हणाले, आणि त्यांनी जपमाळ हळूच खिशात सारली.

“सांगू तिले मॅडम,” हरीओम म्हणाला. “दोन दिवसात विसरून जाईन.”

“पाढे इसरते ते दोन दिवसात,” वैजयंती म्हणाली. “हे नाई इसरायची.”

“तू चूप. लोकायले सांगून ठेवलं आपन.”

“वय तेवढं पूर्ण आहे ना दहा?” मॅडमनी विचारलं. “लहान मुलं घाबरली की शिकवलेलं सोडतात आणि सवयीचं करतात. म्हणून मी वयाच्या खाली जात नाही.”

“दहावं चालू हाय,” हरीओम म्हणाला. या खेपेला ‘चालू’ त्यानं जरा गिळलं.

“हो, दहा. ठीक आहे मग.”

कस्तुराबाई दाराशी आल्या होत्या. हातात झारा तसाच. एक शब्द बोललं की पोरीचं तोंड पडणार, लेकाची गावभर शोभा होणार, नवऱ्याची बादली कायमची विहिरीत राहणार. न बोललं तर काहीच होणार नाही. निदान इथं, ओसरीत, काहीच होणार नाही. जे व्हायचं ते तिकडे पाण्याखाली, जिथं पोरगी भिईल आणि आजीचं ऐकेल. आजतागायत कोणी त्यांचं ऐकलं नव्हतं, ऐकलं ते या एका लेकरानं. आणि ऐकलं तेही नेमकं हे.

“मॅडम, मी बोलू काय?”

तुळशीवृंदावन बोललं असतं तरी घर इतकं दचकलं नसतं.

“बोला ना आजी.”

“पोट्टीले नऊ पुरे झाले चैत्रात. दहावं लागलं म्हंजे लागलं. भरलं नाई.” आवाज नेहमीचाच, हळू. “अन् तिची सवय मी जानतो. भेली का तोंड मिटते. इहिरीतून भायेर काढली तरी तिनं श्वास नाई घेतला. आमी हासलो तवा. तुमी तिले खाली नोका नेऊ.”

हरीओमनं मोबाइलकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग गोमतीबाईंकडे पाहिलं. गोमतीबाईंकडे त्यानं पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. त्या वाटी विसरून केव्हाच पायरी उतरल्या होत्या. चुलीवरचं दूध उतू जायच्या आधी बातमी पारावर पोचली.

“बरं केलंत सांगितलंत,” मॅडम म्हणाल्या. “यंदा ती खाली जाणार नाही. पण समुद्र दाखवू तिला. जॅकेट घालून वरच तरंगायचं, उथळ पाण्यात. तोंडात नळी, डोळ्याला चष्मा, तोंड पाण्यात. वरूनही मासे दिसतात. आमचा माणूस असेलच, पण घरातलं एक मोठं माणूस तिचा हात धरून तिच्यासारखंच पाण्यात तोंड घालून पाहिजे. काठावरून ओरडणारं नको. कोण राहील वर?”

हरीओमला फोटो होता. मारोतरावांना इभ्रत होती. वैजयंतीला काय होतं ते कोणी विचारलं नाही. नियम तेवढे तिनं पाठ केले होते, आणि निळ्या रंगाचा एक ड्रेस कपाटात तळाशी घडी करून ठेवला होता. तिनं कागदाची घडी घातली.

“मी राह...”

हा सूर कस्तुराबाईंना पाठ होता. जन्मभर तो त्यांच्याच गळ्यात होता.

“तू खाली जा, वैजयंती,” त्या म्हणाल्या. “एवढं समदं वाचून काढलं ते वर बसायले काय? मी राहीन पोरीसंग.”

“तू?” मारोतराव खो खो हसले. “अवं, तू डोक्यावरून पानी घेतानी डोये मिटतं!”

“मिटतो. उघडीन आता.”

कॉल संपला. करंज्या करपल्या. आबा डॉक्टरच्या चिठ्ठीवरून डॉक्टरलाच शिव्या देत झोपले, आणि हरीओमनं पारावर जाऊन नवी हकिगत लावून दिली की पोरीचा दम इतका जबर निघाला की मालवणवाल्यांनी भिऊनच तिला घेतलं नाही.

योगिनी मात्र बोलेना. दुसऱ्या दिवशी तिनं आजीच्या हातून वेणी घालून घेतली नाही, आजीच्या ताटात जेवली नाही. दुपारी कस्तुराबाई कोठीच्या खोलीत गेल्या तर ती गव्हाच्या पोत्यावर पाठ करून बसलेली.

“तूच सांगतलं. कोनीच नव्हतं सांगत.”

“हो. मीच.”

“काहून?”

कस्तुराबाईंनी पोत्याच्या कडेवर बूड टेकलं. “म्या तुले एक गोष्ट चुकीची शिकवली होती, बाई. रस्त्यावर ते चालते, घरात चालते, पान्याखाली नाई चालत. ते तुह्या अंगातून निघेपर्यंत मले भेव वाटते.”

“मले नाई वाटत.”

“तुले नाई वाटत म्हनून मले जास्त वाटते.”

योगिनी थोडा वेळ पोत्याची सुतळी उसवत राहिली. “तू खरंच पान्यात तोंड घालशीन?”

“घालीन.”

“नयीनं श्वास घेशीन? नाक बंद असते त्याच्यात. तोंडानंच घ्या लागते. मधात थांबाचं नाई.”

“घेईन. तू शिकवशीन तसा.”

“तू तिथी जाऊन बसून राहाशीन. म्हनशीन, उपास हाय.”

“नाई म्हननार.”

“वचन?”

कस्तुराबाईंनी आजवर वचनं फक्त देवाला दिली होती. देव परत विचारायला येत नाही, ही त्यात एक सोय असते. ही समोर बसून विचारत होती, आणि नाकही पुसत होती.

“वचन,” त्या म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या सकाळी काकडा आटोपला. उन्हं कौलांवर आली होती. घरात हरीओम आरशासमोर बोटांचा गोल करून पाहत होता आणि त्यात आपला चेहरा कसा दिसतो हे त्याला पटत नव्हतं. कस्तुराबाईंनी खुंटीवरचा, हरीओमनं योगिनीसाठी आधीच मागवून ठेवलेला पाण्याचा चष्मा आणि नळी काढली, धुवून घेतली, आणि पदराखाली धरून त्या मळ्याकडे निघाल्या. विहिरीवरच्या मोटरपंपाचा हौद रात्रीच भरला होता.

गोमतीबाई अंगणात सडा टाकत होत्या.

“कुठी चाल्ली वो कस्तुराबाई, येवढ्या सकाई?”

“हौदात तोंड घालाले.”

गोमतीबाईंचा हात सड्याच्या बादलीत तसाच राहिला. कस्तुराबाईंनी नऊवारीचा काष्टा जरा वर खोचला, आणि पाऊलवाटेला लागल्या.